दहा-दहा झाले, बाबा

नोकरी लागली तेव्हापासून माझ्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं. लग्नात होतं, बाळंतपणात होतं, वडिलांच्या दहाव्यालाही होतं. आंघोळीपुरतं काढायचं आणि ओल्या हातावरच पुन्हा बांधायचं, ही सवय. दोन वर्षं होत आली, दिवाळी संपता संपता त्या पट्ट्याखाली पुरळ आलं. आधी नुसती खाज, मग पाणी धरलं. चिखलीतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हे काढून टाका. सहा महिने तरी हातात काही नको, बांगडीसुद्धा."

घड्याळ कपाटात गेलं. पुढे जे झालं ते मी आजवर नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा अमडापूरच्या पुढे एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. राहायला चिखलीत. सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरायचं आणि तिथून पंचवीस मिनिटं चालायचं. एका बाजूला तुरी, दुसऱ्या बाजूला हरभरा, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्यांचा रस्ता. वस्तीच्या तोंडाशीच एक घर होतं. त्याच्या ओट्यावर बाज टाकलेली असायची आणि बाजेवर एक म्हातारे बसलेले असायचे. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. वस्तीवर सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणायचे.

माझ्या चपलांचा आवाज जवळ आला की ते तोंड वर करून विचारायचे, "बाई, किती वाजले?"

मी मनगट पाहून सांगायची, "दहा-दहा झाले, बाबा."

"बरं. या मंग."

एवढंच बोलणं, आणि ते सात वर्षं चाललं. एसटी वेळेवर असली की मी बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या ओट्यासमोर असायची. कधी दहा-आठ, कधी दहा-तेरा. असेल ते मी सांगायची. तिथून शाळा दहा मिनिटांवर.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, रोज वेळ कशाला विचारता? कुठे जायचं नाही, यायचं नाही.

ते म्हणाले, "आंधळ्याचा दिवस सपाट असते, बाई. सगळीकून सारखा. कुठंतरी एक खुंटी ठोका लागते. तुमच्या दहा-दहावर मी खुंटी ठोकतो अन् मंग दिवसभर तिच्याभवती फिरतो. जेवाची वेळ, दवाईची वेळ, समदं मले तिथून समजते."

नातवाने पुण्याहून त्यांना बटन दाबलं की बोलणारं घड्याळ पाठवलं होतं. ते त्यांनी सुनेला परत देऊन टाकलं. "ते कोनालेबी सांगते. कुत्र्यानं बटन दाबलं तरी सांगन."

तरुणपणी ते खामगावात कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. तिथला भोंगा त्यांच्याकडे होता. सकाळी, दुपारी, संध्याकाळी भोंगा वाजला की अर्धं गाव आपली घड्याळं लावून घ्यायचं. हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

घड्याळ सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी ओट्याशी आले. त्यांनी विचारलं. मी रिकाम्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दहा-दहा झाले असतील, बाबा."

"असतील?" त्यांनी मान फिरवली. "आज 'असतील' काऊन?"

मी पुरळाची हकीकत सांगितली. ते बाजेच्या दोरीवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग मले आता कोन सांगन?"

म्हणून मी पर्समधून मोबाईल काढून वेळ सांगायला लागले. आठ-दहा दिवस तसं चाललं. एक दिवस हातात भाजीची पिशवी होती, वह्यांचा गठ्ठा होता, मोबाईल काढायचा कंटाळा आला. मी तशीच म्हणाले, "दहा-दहा झाले, बाबा."

ते हसले. "पर्सच्या चेनचा आवाज नाही आला. मनानं सांगतलं ना?"

मी ओशाळले. पण ते रागावले नव्हते. त्यांनी मला ओट्याच्या कडेला बसायला लावलं.

"मी जिनात होतो तवा हापिसातलं घड्याळ तीन दिवस बंद पडलं. शेठ गावाले गेला होता, किल्ली त्याच्यापाशी. मी तिन्ही दिवस भोंगा देल्ला. एका मानसालेबी समजलं नाही. बाई, वेळ झाली की इथं भरून येते." त्यांनी गळ्याच्या खाली, दोन हाडांमधल्या खळगीवर बोट ठेवलं. "नळाखाली घागर लावली की भरता भरता तिचा आवाज बदलते का नाही? तसं. आवाज बारीक झाला की समजाचं, आता भरली. मंग बोलाचं. तुम्हालेबी येईन. तुम्ही मास्तरीन आहा, तुमच्या अंगात घंटा मुरली."

मला गंमत वाटली. फाट्यावरून चालताना मी मोबाईल न पाहता मनातल्या मनात ती घागर ऐकायचा प्रयत्न करायला लागले. पहिले काही दिवस काही नाही. मग एका सकाळी, ओट्याच्या जरा अलीकडे, घशाखाली खरंच काहीतरी दाटल्यासारखं झालं. रडू येण्याआधी दाटतं तसं, पण दुःखाशिवाय. मी म्हणाले, "दहा-दहा झाले, बाबा." शाळेत पोचून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दहा वीस.

त्यानंतर ते रोज यायला लागलं. घरी कुकर किती वेळ ठेवायचा हे मला न पाहता कळायचं. वर्गात तास संपला की आमचे दुसरे सर घंटेकडे निघायच्या आधी मी खडू खाली ठेवायची. सर म्हणायचे, "मॅडम, तुम्ही घड्याळ गिळलं काय?" मी हसायची. मनगट हलकं झालं होतं, दिवस मोठे वाटत होते. घड्याळ असताना मी दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे पाहायची आणि प्रत्येक वेळी वाटायचं, उशीर झाला. आता तसं वाटत नव्हतं. वेळ माझ्या पुढे पळत नव्हती, माझ्याबरोबर चालत होती. ते दिवस मला अजून आठवतात, कारण त्यात भीती नव्हती.

संक्रांतीच्या पुढेमागे एसटीचं टायर अमडापूरच्या अलीकडे बसलं. आम्ही सगळे उतरून बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. चाक बदलायला बराच वेळ गेला. तिथे उभी असताना घशाखाली भरून आल्याचं मला जाणवलं, आणि मग रितं झालं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. फाट्यावर उतरून भरभर चालत आले, तरी ओट्याशी पोचायला पावणेअकरा वाजून गेले होते.

बाबा सुपारी कातरत होते. माझी पावलं वाजली, पण त्यांनी तोंड वर केलं नाही, काही विचारलंही नाही.

मीच म्हणाले, "बाबा, आज उशीर झाला. एसटी पंक्चर."

त्यांचा अडकित्ता थांबला. "कोन? बाई?"

"हो, मी."

"तुम्ही तं मघाशी गेल्या ना."

"मी आत्ताच येतेय, बाबा."

"असं कसं? मी इचारलं, तुम्ही दहा-दहा सांगतले अन् गेल्या. मी म्हनलं, आज पायाचा आवाज नाही आला, चप्पल बदलली काय."

आतून त्यांची सून बाहेर आली. चाळिशीची, धडधाकट बाई, हाताला पीठ. ती हसली. "झोप लागली असन त्याईले, मॅडम. सपन पडलं असन."

मीही हसले आणि शाळेकडे निघाले. पण थोडं पुढे गेल्यावर मला मागे वळून पाहावंसं वाटलं. बाबा बाजेवर तसेच बसले होते, अडकित्ता हातात, आणि रिकाम्या रस्त्याकडे कान लावून होते.

पुढच्या आठवड्यात मी एक दिवस रजा घेतली. जानेफळला भाचीचा साखरपुडा होता. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बाबांनी नेहमीसारखं विचारलं, मी सांगितलं. चार पावलं पुढे गेले तर सून मागून आली. तिने मला कुडाच्या आड, बाबांना ऐकू जाणार नाही असं बाजूला घेतलं.

"मॅडम, काल तुम्ही आल्या होत्या काय?"

"नाही. मी रजेवर होते. जानेफळला."

तिने पदर तोंडाला लावला. "काल बाबा बाजीवर बसून बोलले. 'बाई, किती वाजले?' म्हनले, मंग थांबले, मंग 'बरं, या मंग' म्हनले. मी घरातून धावत आली तं रस्त्यावर कोनी नाही. माह्या हातात मोबाईल होता. मी पाह्यलं. बराबर दहा-दहा."

"योगायोग असेल," मी म्हणाले. शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडात असे शब्द तयार असतात.

"रविवारीबी बोलते ते," ती म्हणाली. "मी आजवर तुम्हाले सांगतलं नाही."

त्या दिवशी वर्गात माझं लक्ष लागलं नाही. मी स्वतःला समजावलं की बाबांच्याच अंगात वेळ मुरलेली आहे. त्यांचं ते स्वतःच विचारतात, स्वतःच उत्तर ऐकतात. म्हातारपणी कान खेळ करतात. हे सगळं पटण्यासारखं होतं. तरी मी सुनेला म्हणाले, "एकदा मी लवकर येते आणि गुपचूप बसते. पाहू तरी काय होतं."

बुधवारचा दिवस ठरवला. मी आधीची जीप पकडली आणि साडेनऊच्या सुमारास वस्तीवर आले. रस्त्याने न येता मागच्या शेतातून आले, गोठ्याशी चपला काढून हातात घेतल्या आणि मागच्या दारातून घरात शिरले. सुनेने मला पुढच्या दाराच्या चौकटीशी बसवलं. माझ्यासमोर बाबांची पाठ, चार हातांवर. ती स्वतः ओट्याच्या कोपऱ्यात, माझ्याकडे तोंड करून, मोबाईल घेऊन उभी राहिली. बाबांना माझी चाहूल लागू नये म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

ऊन ओट्याच्या अर्ध्यावर आलं होतं. रस्त्यावर एक शेळी कुंपणाला तोंड लावत होती. कोणी येत नव्हतं, कोणी जात नव्हतं. मला घशाखाली दाटून आलं. हे मला नीट कळलं, कारण मी त्याचीच वाट पाहत होते.

बाबांनी तोंड वर केलं. रस्त्याकडे, मी रोज जिथे उभी राहते नेमकं तिथे. म्हणाले, "बाई, किती वाजले?"

मग त्यांनी मान किंचित तिरकी केली. ऐकताना करतात तशी. शेळीने चरणं थांबवलं.

"बरं. या मंग," बाबा म्हणाले, आणि सैल होऊन बाजेवर टेकले.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी सुटकेचा श्वास घेतला. मला वाटलं, झालं, बाबांचाच खेळ. मी सुनेकडे पाहिलं. तिचा मोबाईल हातातच होता, पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. ती भिंतीला धरून माझ्यापर्यंत आली आणि कानाशी लागून म्हणाली, "मॅडम, तुमचे ओठ हालले."

"काय?"

"आवाज नाही निंघाला. पन ओठ हालले. तुम्ही 'दहा-दहा झाले, बाबा' म्हनल्या."

"घरात कोन हाय?" बाबांनी विचारलं.

"कोनी नाही, बाबा," सून म्हणाली.

मी मागच्या दाराने निघाले. चपला हातातच राहिल्या. गोठ्यापलीकडे काटा रुतला तेव्हा लक्षात आलं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं. ते नोकरीतून निवृत्त होऊन घरीच असतात, पेपर दोन-दोनदा वाचतात. मी विचारलं, "मी घरी कधी एकटीच काही बोलते का हो?"

त्यांनी पेपर खाली घेतला. "रविवारी बोलतेस की. सुट्टी असली की बोलतेस."

"काय?"

"कणीक मळताना, नाहीतर धुणं वाळत घालताना. 'दहा-दहा झाले, बाबा.' एवढंच. मग पुढे कामाला लागतेस."

"मला का नाही सांगितलं?"

ते चष्मा पुसायला लागले. "मले वाटलं, तू तुह्या बाबांशी बोलतेस," ते म्हणाले. घाईत किंवा गहिवरात ते त्यांच्या आईच्या बोलीत जातात. "ते गेल्यापासून तू त्यांचं नावसुद्धा काढलं नाही. म्हटलं, बोलते तं बोलू द्यावं."

माझे वडील चार वर्षांपूर्वी गेले होते. त्यांना मी कधी वेळ सांगितल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी घड्याळाच्या दुकानात गेले. डॉक्टरांचे सहा महिने व्हायचे होते, पण मला थांबवत नव्हतं. दुकानाच्या भिंतीवर आणि काचेच्या कपाटात शंभर तरी घड्याळं होती. बहुतेक बंद. आणि बंद असलेल्या सगळ्यांमध्ये दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी दुकानदाराला विचारलं, "हे असं का?"

"कंपनीहून तसंच येते, ताई. दिसायला बरं दिसते. घड्याळ हसल्यासारखं."

मी कापडी पट्ट्याचं एक घेतलं आणि तिथेच बांधलं.

सकाळी घड्याळ बांधून मी वस्तीवर गेले. ओट्याशी पोचले तेव्हा काटा दहा-अकरावर होता. बाबांनी विचारलं नाही. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "दहा-अकरा झाले, बाबा."

"हो, समजलं," ते म्हणाले. "आताच तं सांगतलं." मग त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. राग नव्हता, तक्रार नव्हती. एखाद्या पोरीला समजवावं तसं म्हणाले, "बाई, दोघी-दोघी कशाले येता? एकीनं या."

मी तिथून कशी निघाले मला आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तो रस्ताच सोडला. फाट्यावरून नाल्याच्या कडेने एक पायवाट शेतांच्या मागून शाळेकडे जायची, तिने जायला लागले. दहा मिनिटं जास्त लागायची, म्हणून आधीची जीप. आणि दहा वाजले की दोन लवंगा तोंडात धरून दात घट्ट मिटायची. शाळेच्या दिवशीही, रविवारीही. घशाखाली भरून आलं की लवंगेच्या रसाबरोबर ते गिळून टाकायची. पहिले काही दिवस कठीण गेले, उमाळा दाबताना जातात तसे. मग ते पातळ होत गेलं. पंधरा दिवसांत काही उरलं नाही. नवरा म्हणाला, आता तू बोलत नाहीस. मी सुटले, असं मला वाटलं.

होळीच्या आधी बाबांची सून शाळेत आली. मधली सुट्टी होती. ती व्हरांड्याच्या खांबाशी उभी राहिली, आत आली नाही.

"मॅडम, तुम्ही रस्ता बदलला."

मी हातातला डबा बंद केला.

"बाबाची वेळ हरपली," ती म्हणाली. "भर दुपारी उठते अन् सकाळचा चहा मागते. जेवन झालं की लगेच म्हनते, आज मले उपाशी ठेवलं. परवा उन्हाच्या वक्ती पहाट समजून लोटा घेऊन वावरात गेले, बांधावरून पडले. कपाळाले खोक पडली. मी मोबाईल पाहून वेळ सांगते तं म्हनते, तुह्या मोबाईलाची खुंटी हालते. रोज इचारते, बाई आल्या काय? दोघीतली एकबी आली नाही काय?"

मी भ्यायले होते हे खरं. पण ज्याला भ्यायले होते त्याने माझं काय वाईट केलं होतं? एका म्हाताऱ्या माणसाला दिवस धरायला एक जागा लागत होती आणि ती माझ्यापाशी होती. ती मी रोज लवंगेबरोबर चावून टाकत होते.

दुसऱ्या दिवशी घड्याळ घरी ठेवून मी जुन्या रस्त्याने गेले. बाबांच्या कपाळावर पट्टी होती. ते खंगले होते. माझी पावलं ऐकून त्यांनी विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. मी बाजेच्या कडेला बसले आणि हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझं मनगट चाचपलं, पुरळ बरं झाल्याची खरखरीत जागा अंगठ्याने पाहिली.

"कोनती?" त्यांनी विचारलं.

"एकच आहे, बाबा."

"किती वाजले?"

मी डोळे मिटले. घागरीत काही नव्हतं. मी वाट पाहिली. मग हळूहळू, जणू दुरून कोणीतरी नळ सोडला, तसं भरत आलं.

"दहा-दहा झाले, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे खाली आले.

त्यानंतर मी ते अडवलं नाही. शाळा असली की ओट्याशी सांगायची. सुट्टीत, रविवारी, मे महिन्याच्या अख्ख्या रजेत, स्वयंपाकघरात उभी राहून मुद्दाम मोठ्याने सांगायची. नवरा त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करायचा. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. सून सांगायची, बाबा आता ठीक आहेत, वेळेवर जेवतात, तुम्ही नसल्या तरी 'बरं' म्हणतात.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी बाबा गेले. दुपारी जेवून बाजेवर लवंडले ते उठलेच नाहीत. मी तेराव्याला जाऊन आले. पुढे शाळेत जाताना ओट्याकडे न पाहता जायची. बाज भिंतीला उभी करून ठेवलेली असायची. मी काही बोलत होते की नाही, मला ठाऊक नाही. नवऱ्याला विचारलं नाही.

महिना गेला असेल. एका सकाळी सून रस्त्यावरच हात आडवा करून उभी होती.

"मॅडम, राग नका येऊ देऊ. आता बंद करा."

"काय बंद करू?"

"मले ऐकू येऊन राह्यलं." ती म्हणाली. "बाबा व्हते तवा मले कधीच आलं नाही. आता रोज येते. या रस्त्याहून. तुमचाच आवाज. 'दहा-दहा झाले, बाबा.' रविवारीबी. धनी वावरात जाते, मी घरात एकली. मले लय भेव लागते, मॅडम."

मी म्हणाले, "रविवारी येते."

रविवारी नवऱ्याने मोटारसायकलवर आणलं. त्यांनी गाडी फाटकाशी लावली आणि पाठ करून तुरीकडे पाहत उभे राहिले. सून ओट्यावर, उभ्या बाजेच्या शेजारी. मी रस्त्यावर माझ्या जागी उभी राहिले. हातात काही नव्हतं. थोड्या वेळाने ते भरून आलं, नेहमीपेक्षा जड. मी तोंड उघडलं आणि ओट्याकडे पाहून म्हणाले, "दहा-दहा झाले. पण बाबा गेले. आता कोणाला सांगायचं नाही."

ते म्हणताना माझा आवाज मला परका लागला. वारा नव्हता, तरी तुरीत एक सळसळ लांबपर्यंत गेली. आणि मग मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, "बरं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांची पाठच होती.

सुनेने चहा केला, साखर फार टाकली होती. नवऱ्याने तिला सोयाबीनवर पडलेल्या रोगाबद्दल विचारलं, तिने औषधाचं नाव सांगितलं. परतताना अमडापूर आलं तेव्हा मी मागून विचारलं, "तुम्ही मघाशी 'बरं' म्हणालात का?"

"मी कशाले म्हनू?" ते म्हणाले, आणि गाडी जरा जोरात चालवायला लागले.

सुनेला पुन्हा काही ऐकू आलं नाही. दिवाळीपर्यंत मी तिला दर आठवड्याला विचारत होते, मग सोडून दिलं. या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. मनगट पूर्ण बरं झालंय, तरी घड्याळ बांधत नाही. पण आता माझ्या आत काही भरत नाही. वेळेचा काहीएक अंदाज येत नाही. दूध उतू जातं, कुकर करपतो. नवरा हाक मारून वेळ सांगतो तेव्हा कळतं. मागच्या महिन्यात दुसरबीडला एका लग्नाला निघालो. मी तयार व्हायला इतका उशीर केला की पोचेपर्यंत अक्षता पडून दीड तास झाला होता. मांडवात खुर्च्या गोळा करत होते. नवरीने हार काढून मांडीवर ठेवला होता आणि ती भात खात होती. आम्हाला पाहून ती घाईने उठायला लागली, मी म्हणाले, "राहू दे गं, जेव निवांत," आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.